मुंगीला मिशा

डॉक्टरबाईंनी बॅटरी पेटवून भिंगरीच्या नाकासमोर धरली.

"बघ इकडे. शाब्बास!"

साडेतीन वर्षांची भिंगरी आजीच्या मांडीवर बसून उजेडाकडे बघत राहिली. दोन्ही बुबुळांच्या मधोमध उजेडाचा एकेक ठिपका. डोळे अगदी सरळ होते.

"आहे का आता काही?" आजी म्हणाली. "माझ्या मांडीवर असली की डोळा जागच्या जागी. हिच्याकडे गेली की नाकात शिरतो."

'हिच्याकडे' म्हणजे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या नव्या आईकडे. आजी ही भिंगरीच्या वारलेल्या आईची आई. लेक गेल्यावर नातीला तिनंच सांभाळलं आणि जावयाचं दुसरं लग्न झालं तेव्हा डोळे पुसत परत पाठवलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत भिंगरीचा डावा डोळा मधूनच आत वळायला लागला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. पण कावळ्याची बाजू कोण ऐकून घेतं?

"स्पष्टच विचारते," आजी म्हणाली. "डोक्याला मार लागला की डोळा फिरतो ना? तसं असेल तर सांगा. मी पोरीला आजच घेऊन जाते. बापाची काही हरकत नाही."

नव्या आईनं झटकन नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत होता. बायकोच्या बाजूनं बोलायची वेळ आली की हा माणूस नेहमीच मूग गिळून बसायचा, पण आज तिला ते फार झोंबलं.

"काय करत असताना वळतो डोळा?" डॉक्टरबाईंनी तिला विचारलं.

"मी मणी ओवायचं काम घरी आणते. ही मांडीवर बसून रंग निवडून देते, तेव्हा. आणि माझ्याकडे बघताना. अगदी तोंडाजवळ तोंड आणून बघते. मी मारत नाही हिला."

हे कुणी विचारलं नव्हतं. बोलून गेल्यावर तिला वाटलं, जीभ चावावी.

डॉक्टरबाईंनी खणातून एक चपटी काडी काढली. टोकाला मुंगीचं बारीकसं चित्र चिकटवलेलं होतं. काडी त्यांनी आधी आजीला दिली.

"ही बघ गं सोन्या, मुंगी!"

भिंगरीनं काडीवरून नजर फिरवली आणि ती वरचा पंखा बघायला लागली.

"सरळच आहे की डोळा," आजी म्हणाली.

"ती मुंगीकडे बघतच नाहीये, आजी."

मग काडी नव्या आईच्या हातात आली. ती भिंगरीसमोर उकिडवी बसली. आता डोळा वळला तर पोर जाणार, हे तिला दिसतच होतं. काडी जरा लांब धरली तर? लांबचं बघताना डोळा फारसा वळत नाही, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. हात मागे गेलासुद्धा. मग तिनं तो मुकाट्यानं पुढे आणला.

"भिंगरे, मुंगीनं चपला घातल्यात का गं?"

भिंगरी पुढे झुकली. कपाळाला आठी पडली.

"नाही घातल्या... अनवाणी आहे..."

आणि डावा डोळा सरकत सरकत नाकाकडे गेला.

"झालं!" आजीनं नातीला पोटाशी ओढलं. "बघितलंत ना?"

"थांबा." डॉक्टरबाईंनी भिंगरीच्या नाकावर चष्म्याची एक रिकामी चौकट चढवली आणि तिच्यात दोन भिंगं सरकवली. "आता परत विचारा."

"आणखी काय दिसतंय मुंगीचं?"

भिंगरीनं तसंच तोंड जवळ नेलं. खूप वेळ निरखलं. डावा डोळा जागचा हलला नाही.

"हिला मिशा आहेत!"

डॉक्टरबाई पहिल्यांदाच हसल्या. "जवळचं नीट दिसावं म्हणून डोळ्याला आतून जोर लावावा लागतो, आणि त्या जोराबरोबर दोन्ही डोळे नाकाकडे वळतात. तुमचे-माझेही वळतात. हिला मोठा प्लसचा नंबर आहे. जोर जास्त लागतो, म्हणून डोळाही गरजेपेक्षा जास्त वळतो. भिंगानं जोर वाचवला, डोळा सरळ. मार लागला असता तर असा सुटला नसता."

"मग हिच्याकडेच का वळतो?"

"हिच्याजवळ ती जीव लावून बघते, म्हणून."

आजीला ते लागलं. ती बराच वेळ नातीचा फ्रॉक सारखा करत राहिली. मग नव्या आईकडे न बघताच म्हणाली, "मला तरी काय ठाऊक, बाई. जावईबापूंनीच फोन केला. म्हणाले, ही पोरीला मारत असावी, येऊन घेऊन जा. मी आले."

तक्ता वाचणारा माणूस वळला.

"तसं नाही... मी आपलं फक्त..."

नव्या आईनं आजीच्या मांडीवरून भिंगरीला उचलून घेतलं.

"थेंब घालून नंबर पक्का करते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तासभर बाहेर बसावं लागेल."

बाहेरच्या बाकावर नवी आई भिंगरीला घेऊन बसली. थेंब झोंबले म्हणून भिंगरी मुसमुसत होती. बापानं हात पुढे केले.

"आण, मी घेतो."

तिनं पोरीला दिलं नाही. वरही बघितलं नाही.

आजी मागून येऊन उभी होती. "जावईबापू," ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. आम्ही तिघी येतो."

तो जिन्याकडे गेला. नवी आई बाकावर जरा सरकली आणि तिनं आजीला जागा करून दिली.