रिकाम्या डब्याचं पाणी

संशोधिकेने रिकाम्या डब्यात साधं पाणी खळखळवलं, ते काचेच्या नळीत ओतलं आणि आपल्या प्रोब-रसायनाचा एक थेंब सोडला. अतिनील दिव्याखाली पाणी हिरवंगार चमकलं. त्यात मासळीचा कणही नव्हता.

सजीव पेशींमधलं विषारी फॉर्मल्डिहाइड हुडकायला हे रसायन तिने चार वर्षं खपून बनवलं होतं. महिन्यापूर्वी सहज म्हणून नेहमीच्या मासेवाल्या मावशीकडचा तुकडा तपासला, तर तो चमकला. ती इतकी हरखली की दुसऱ्यांदा तपासायचं भान राहिलं नाही. त्याच दिवशी बाजार समितीकडे तिची तक्रार गेली. मासे ज्या डब्यातून आणले, त्यात आधी फॉर्मॅलिन, म्हणजे फॉर्मल्डिहाइडचंच द्रावण होतं, हे आज ध्यानात येत होतं.

"धुतला होता की मी," ती पुटपुटली.

ती तशीच बाजारात गेली. मावशीच्या गाळ्याला कुलूप होतं. मावशी शेजारच्या ओट्यावर दुसरीच्या माशांचे खवले काढत बसली होती.

"या ताई! बघा माझी दशा. कुणीतरी कागद खरडला, माझ्या मासळीत औषध असतं म्हणून. वीस वर्षांचं नाव पाण्यात गेलं."

"मावशी, मी तेच..."

"तुम्ही शिकलेल्या. समितीला माझ्या बाजूनं दोन ओळी लिहून द्या ना. तुमचं ऐकतील ते."

संशोधिकेने वही काढली. पहिल्या ओळीवर पेन दोनदा अडलं. मग तिने भराभर पान भरलं, सही केली आणि घडी घालून पुढे धरलं. मावशीला अक्षरओळख नाही, हे तिला ठाऊक होतं. आता निघून गेलं तरी चालेल, असं क्षणभर वाटलं, आणि त्या वाटण्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

"मला कुठं वाचता येतंय? तुम्हीच वाचा. मोठ्यानं. ऐकू दे सगळ्यांना."

तिने घडी उलगडली.

"ती तक्रार मी केली होती. चूक माझी होती, मासळीत काही नव्हतं..."

सुरी थांबली. संशोधिकेला मान वर करवेना. अक्षरं एकमेकांत मिसळू लागली.

मावशीने हात पदराला पुसले.

"थांबलात कशाला, बाई? पुढं वाचा."