उबदार आवाजाचा डबा

स्टुडिओ बंद पडला तेव्हा रेकॉर्डिस्टसाहेबांनी तिथून एकच वस्तू घरी आणली: वीस वर्षांपूर्वीचा ऑडिओ इंटरफेस. म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरला समजावून सांगणारा एक वजनदार डबा. घरातला लॅपटॉप मात्र नवाकोरा. असल्या म्हाताऱ्या पिनांना तो दारातही उभं करेना. मग एक अडॅप्टर आला. त्याचं टोक जुळेना म्हणून दुसरा, आणि दुसऱ्याची समजूत काढायला तिसरा. टेबलावर वरातच निघाली.

"या डब्याशिवाय आवाजाला ऊब नाही," ते बायकोला बजावत. ती ऑडिओबुकसाठी कादंबरी वाचायची, आणि साहेब हेडफोन लावून, डब्याची बटणं केसभर फिरवत, देशाचा कारभार हाकल्यासारखे बसायचे. ऑडिओबुकच्या प्रकाशिकाबाईंनी पहिलं प्रकरण ऐकून "काय ऊब आहे हो!" असं कळवलं, तेव्हा तर छाती अशी फुगली की शर्टाचं बटण वाचलं हे नशीब. चार महिने नुसता खिडकीत बसून असलेला माणूस पुन्हा रोज दाढी करू लागला होता. बायकोला तेवढं पुरे होतं.

तेविसाव्या पानावर तिचा पाय वायरीत अडकला. तिन्ही अडॅप्टर धाडकन खाली, डब्याचा हिरवा दिवा गुल. सवयीने तिने वाक्य पुरं केलं आणि पाहते तर काय, पडद्यावर आवाजाच्या रेघा मजेत नाचतायत! म्हणजे इतके दिवस ऐकत होता तो लॅपटॉपच्या पोटातला शेंगदाण्याएवढा माइक.

हे सांगितलं तर हा माणूस उद्या पुन्हा खिडकीत जाऊन बसेल. ती झटकन अडॅप्टर उचलायला वाकली.

"राहू दे," साहेब म्हणाले. "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून. पिना जुळल्या, दिवाही लागला. पण या डब्याचं सॉफ्टवेअर कंपनीने कधीच बंद केलंय; लॅपटॉप त्याला ओळखतच नाही."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी हेडफोन गळ्यात उतरवले. "बोललो असतो तर तू एकटीनेच वाचलं असतंस. मग मी कुठे बसलो असतो?"

तिला राग आला आणि रडूही आलं. "अहो, पण मी चुकले की थांबवणार कोण? पहिल्या प्रकरणात बावीस वेळा थांबवलंत मला!"

"सव्वीस वेळा," ते म्हणाले. मग हेडफोन पुन्हा कानांवर चढवत, "आणि आत्ताचं वाक्य पुन्हा घे. अडॅप्टर पडल्याचा आवाज आलाय."