शुभेच्छांचा पुरावा

वसुली कंपनीचा दावा टपालाने आला, तेव्हा म्युरिएल ऑग्डेनने आधी काय केलं, तर चहा ठेवला. इंग्लंडातल्या बर्नली गावात घराला आग लागली तरी बंबवाल्यांना आधी चहा विचारतात. मग चष्मा लावून तिने वाचलं: कॅटलॉगमधून हप्त्यांवर घेतलेलं वॉशिंग मशीन, उरलेले सहाशे चाळीस पौंड, वर कोर्टाचा खर्च. चौदा दिवसांत उत्तर द्या, नाहीतर निकाल तुमच्याविरुद्ध. मशीन केव्हाच भंगारात गेलं होतं. कर्ज मात्र अजून धडधाकट होतं.

पैशांपेक्षा तिला धास्ती होती ती फ्लॅटची. नवरा विल्फचे दोन्ही गुडघे गेलेले. तिसऱ्या मजल्यावरून तो आठवड्यातून एकदा कसाबसा उतरायचा. काही महिन्यांत त्यांना तळमजल्यावरचा फ्लॅट भाड्याने मिळणार होता. पण कोर्टाचा निकाल नावावर असलेला भाडेकरू तो फ्लॅट देणाऱ्या एजंटला चालत नव्हता.

शेजारची ग्लेनिस पूर्वी कोर्टात कारकून होती, आणि हे ती दिवसातून दोनदा सांगायची.

"शेवटचा हप्ता कधी भरलास?"

"सात वर्षं झाली की गं."

"मग सुटलीस! सहा वर्षांत पैसे दिले नाहीत, कर्ज लेखी कबूल केलं नाही, तर दावा टिकत नाही. त्यांना कधी काही लिहिलं नाहीस ना?"

"छे! मी कशाला लिहू त्यांना?"

दोघींनी मिळून उत्तर भरलं: दावा अमान्य, मुदत संपलेली. ग्लेनिसने चौथं बिस्किट उचललं. "तोंडावर आपटतील मेले!"

पुढे सुनावणीची तारीख लागली आणि कंपनीचं जाडजूड पाकीट आलं. आत चार वर्षांपूर्वीच्या नाताळच्या कार्डाची प्रत होती. बर्फात बसलेला गुबगुबीत रॉबिन पक्षी, आणि खाली मजकूर: "प्रिय शॅरन, फोनवर तुम्ही फार गोड बोललात. तुमचे सहाशे चाळीस पौंड अजून देता आले नाहीत, माफ करा. देईन नक्की. तुम्हाला आणि ऑफिसातल्या सगळ्यांना शुभेच्छा. म्युरिएल ऑग्डेन."

ग्लेनिसने कपाळावर हात मारला. "काही लिहिलं नाही म्हणालीस!"

"हे लिहिणं कुठे झालं? कार्ड आहे ते!"

म्युरिएल दर डिसेंबरला त्रेसष्ट कार्डं पाठवायची. दाताच्या डॉक्टरला, कचरा नेणाऱ्यांना, एकोणीस वर्षं अबोला धरलेल्या नणंदेलासुद्धा. वसुलीवालीला तेवढं वगळावं, असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

"सही माझी नाही म्हणून सांग," ग्लेनिस म्हणाली. "प्रत पुसट आहे. कोण सिद्ध करतंय?"

सुनावणीच्या दिवशी विल्फही हट्टाने सोबत आला. न्यायाधीशांनी कार्ड पुढे सरकवलं. "माफ करा, मिसेस ऑग्डेन, ही सही तुमची?"

'नाही' म्हणायचं ती बसमध्ये सारखं घोकत आली होती. तिने मागे बसलेल्या विल्फकडे पाहिलं.

"माझीच," ती म्हणाली. "आणि शॅरन खरंच गोड बोलली होती हो."

माफ करा म्हणत न्यायाधीशांनी निकाल दिला. माफ करा म्हणत कंपनीच्या वकिलाने वर खर्चही लावून घेतला. तुमचा वेळ घेतला, माफ करा, असं म्हणून म्युरिएल उठली. महिन्याभरात सगळे पैसे भरले तर नोंद पुसली जाणार होती, पण तिच्या पर्समध्ये परतीच्या बसपुरते होते. एजंटला तिने बसस्टॉपवरूनच फोन केला. लपवाछपवी तिला जमतच नव्हती. माफ करा म्हणत त्याने फ्लॅट यादीतल्या पुढच्या माणसाला दिला.

घरी येताना दुसऱ्या मजल्यावर विल्फ पायरीवरच बसला. दुखण्याने त्याचा चेहरा पांढरा पडला होता. म्युरिएल शेजारी बसली आणि तिला रडूच फुटलं.

"माझ्यामुळे रे तुझे हे हाल. माफ कर मला."

विल्फने दम खाल्ला, तिचा हात हातात घेतला.

"केलं," तो म्हणाला. "फक्त लेखी देऊ नकोस."