उबदार खोली

बोहदानाबाईंच्या घरात थंडीला थारा नव्हता. याखिमोव या युरेनियमच्या खाणींच्या डोंगरी गावातला हिवाळा हाडं गोठवणारा. पण पहिला बर्फ पडायच्या आत बाई दुहेरी खिडक्यांच्या मधल्या फटीत लोकरीच्या वळकट्या कोंबायच्या. मग वाऱ्याची काय बिशाद आत यायची! त्यातही सगळ्यांत उबदार मागची खोली, बटाट्यांच्या तळघरावरची. त्यांचा नवरा व्हिलेम शेवटची दोन वर्षं तिथेच खोकत पडला होता. आता तिथे नात झोपायची, सात वर्षांची अपोलेना. आईबाप परमुलखात कामाला, त्यामुळे हिवाळाभर पोर आजीकडे.

आणि त्या दिवशी सकाळी रेडॉन, म्हणजे जमिनीतून झिरपणारा किरणोत्सारी वायू, मोजायचं यंत्र घेऊन आरोग्य खात्यातली कामिला दारात हजर. बाईंनी तिला रांगताना पाहिलेलं.

"उन्हाळ्यात मोजलंस की गं! ठीक निघालं होतं."

"उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असतात, आजी."

"आणि ते वर औषधी स्नानगृहांत लोक पैसे भरून रेडॉनच्या पाण्यात डुंबतात, ते काय खुळे?"

"ते घटकाभर डुंबतात नि घरी जातात. तुम्ही त्यात झोपता!"

यंत्रावरचा आकडा पाहून कामिलाची थट्टा मावळली. तिने वळकटी ओढून काढली, खिडकी सताड उघडली. दुपारपर्यंत आकडा उतरला. मग खिडकी लावून शेगडी पेटवली, आणि संध्याकाळी आकडा पहिल्यापेक्षा वर.

"घर तापलं की गरम हवा वरून निसटते आणि तेवढी खालून ओढली जाते," कामिला म्हणाली. "तळघराच्या मातीतून. त्या हवेबरोबर हाही येतो."

"म्हणजे मी जितकं जाळते..."

"तितकं घर ओढतं."

बाईंनी नातीच्या खाटेकडे पाहिलं. "अगं, पोरीला खोकला झालाय!"

"तो सर्दीचा. रेडॉनला वास नाही, रंग नाही, तो खोकायलाही लावत नाही. वर्षानुवर्षं गुपचूप फुप्फुसं पोखरतो, हीच तर गोम आहे. तळघरात पंखा बसवू, पण ते बर्फ वितळल्यावरच. तोवर हिला इथे झोपवू नका. आणि सगळ्या घराच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा."

कामिला गेली. व्हिलेम टपाल वाटायचा, जन्मात खाणीत उतरला नव्हता. फुप्फुसांच्या कर्करोगाने तो गेला, तेव्हा गावाने त्याच्या पाइपला बोल लावला, बाईंनीही लावला. आणि तो या खाटेवरून म्हणायचा, "बोहदाना, खिडकी उघड गं जरा, जीव घुसमटतो." बाई म्हणायच्या, "गप पडा, वारं लागेल!" आणि शेगडीत आणखी एक लाकूड सारायच्या. आता ते आठवून आपल्याच हातांची त्यांना किळस आली.

अपोलेनाचं अंथरूण त्यांनी स्वयंपाकघरात हलवलं आणि तिथली खिडकी किलकिली केली. बर्फाचा भुगा आत येऊ लागला.

"आजी, लाव ना गं खिडकी! थंडी वाजतेय."

सवयीने बाईंचा हात कडीकडे गेला. तिथेच थांबला.

"वाजू दे," त्या म्हणाल्या, आणि व्हिलेमचा जाड कोट आणून त्यांनी पोरीला गच्च गुंडाळलं.