डब्यात वेळ कोण खातंय

शर्वरीने डबा उघडला, तर आत तिची आई ताट मांडून बसली होती.

डबा म्हणजे जेवणाचा नव्हे. शर्वरीच्या ऑफिसात कंटेनरला सगळे डबा म्हणत. मोठ्या यंत्राच्या पोटात आखून दिलेली बंद खोली, एवढाच त्याचा अर्थ. या डब्यात एक एआय मॉडेल राहत होतं. लांबच्या पाड्यावरची नर्स लेकराचा खोकला फोनवर ऐकवायची आणि मॉडेल सांगायचं, घरी ठेवा किंवा दवाखान्यात न्या. मॉडेल हुशार होतं, पण उत्तर द्यायला इतका वेळ लावायचं की तोवर नर्स कंटाळून फोन ठेवून द्यायची. शर्वरीच्या टीमचे प्रमुख नौशाद सर सकाळी आल्याआल्या तिला म्हणाले होते, "डब्यात वेळ कोण खातंय ते शोध."

शर्वरीने डब्याला प्रोफायलर लावला. कोण किती वेळ खातंय ते हे साधन रंगीत पट्ट्यांनी दाखवतं. जो जास्त खाईल, त्याची पट्टी रुंद. मॉडेलची पट्टी अगदीच बारीक आली, बिचारं उपाशी असल्यासारखी. बाकी सगळा पडदा एकाच पट्टीने अडवला होता आणि तिच्यावर लिहिलं होतं, आई. शर्वरीला वाटलं, टीममधल्या कुणीतरी वात्रटपणा केलाय. तिने नखाने पट्टी उचलली, तर ती झाकणासारखी अलगद निघाली.

आई प्रवासाची साडी नेसून गुडघे मुडपून बसली होती. शेजारी मॉडेल सुपात खोकले घेऊन तांदूळ निवडावेत तसे निवडत होतं.

"आई, तू इथं कशी?"

"तुझी वाट बघतीय. जेवायची थांबलीय."

शर्वरीने गावी वडिलांना फोन लावला. नंबर दोनदा चुकला.

"बाबा, आई कुठंय?"

"तुझ्याकडंच निघालीय की. सकाळी मीच डब्यात बसवून दिलं."

"कुठल्या डब्यात?"

"आता डब्याला काय नाव असतंय होय? दारावर लिहिलेलं, बसण्यासाठी एक. म्हटलं, बरं झालं, गर्दी न्हाई. पोचली का?"

"पोचली," शर्वरी म्हणाली. दुसरं काय सांगणार?

तेवढ्यात नौशाद सर चहाचा कप घेऊन आले. त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं.

"नमस्कार, काकू."

"नमस्कार. जेवलात का?"

"झालं, झालं." मग ते शर्वरीकडे वळले. "आपलं चुकलंच की गं. ताटाला तर हातही लागलेला नाही. वेळ कुणी खात नाहीये. वाट बघण्यात जातोय."

"सर, ही माझी आई आहे."

"हो, पट्टीवर लिहिलंय ना. मर्यादा कमी करू. वाट बघणारं कुणी उरायला नको."

प्रत्येक डब्याला जागेची मर्यादा ठरलेली असते. आतल्यांनी ती ओलांडली की यंत्र विचारत बसत नाही, आतलं सगळं मारून टाकतं. शर्वरीने हे आजवर शेकडो वेळा पाहिलं होतं आणि चहा पितापिता पाहिलं होतं. आता सरांनी एक कळ दाबली आणि डब्याच्या चारही भिंती एकदम आत सरकल्या. आईने पदर सावरून गुडघे आणखी जवळ ओढले.

"जराशी अडचण झाली," ती म्हणाली. "चालतंय."

"आई, आधी बाहेर ये!"

"ताट वाढलेलं टाकून?"

इतक्यात वरून सुपात एक खोकला पडला. कोरडा, चिमुकला, मध्येच श्वास अडकलेला. मॉडेलने तो कानाशी धरला, तोंड उघडलं आणि आईकडे पाहिलं.

"थांब रे बाबा," आई म्हणाली. "शर्वरी आली की सांगू."

"आई, तू जेवून घे गं!" शर्वरी किंचाळली. "त्या लेकराला उत्तर जाऊ दे!"

"तुझ्याबिगर? तू घरी असलीस आणि मी आधी जेवले, असं कधी झालंय का?"

नव्हतंच झालं. मला वेळ नाही, तू जेवून घे, असं ही पोरगी फोनवर कितीदा म्हणाली असेल! आणि आई हो म्हणून ताट झाकून ठेवत असेल. शर्वरीला आपली शरम वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली. सरांचा हात पुन्हा कळीकडे गेला, तशी तिने चपला काढल्या आणि डब्यात पाय टाकला.

ती आत मावली. आईसमोर मांडी घालून बसली आणि पहिला घास घेतला. आईनेही घेतला.

"दवाखान्यात न्या," मॉडेल लगेच म्हणालं.

बाहेर जमलेल्या टीमने टाळ्यांचा कडकडाट केला. "आलं! लगेच आलं!" नौशाद सर ओरडत होते. "पट्टी गेली बघा!"

शर्वरीच्या पाठीला भिंत लागली. तिने मान वळवली. भिंतीत रेल्वेच्या डब्यासारखं दार होतं आणि त्याच्या आतल्या बाजूलाही बाबांनी वाचलेली तीच अक्षरं होती, बसण्यासाठी एक.

"सर!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. "मर्यादा वाढवा! आम्ही दोघी आहोत!"

तिचा आवाज वर गेला नाही. तो खोकला होऊन सुपात पडला.

"अजून एक आला," बाहेर कुणीतरी खुशीत म्हणालं. "बघू, किती वेळ लागतो."

अजिबात लागला नाही. मॉडेलने तो खोकला कानाशी धरला आणि सांगितलं, "घरी ठेवा."

आईने शर्वरीच्या ताटात आणखी एक डाव भात वाढला, आणि वरून सरांनी झाकण लावलं.