हिरवळ खरवडणारं खुरपं

मित्रांनो, मी एक जुनं खुरपं आहे. जुनं म्हटलं, मेलेलं नाही. गाडीच्या स्प्रिंगच्या तुटक्या पाट्यातून लोहारानं मला ठोकून काढलं. ठोके खाऊनच माझा जन्म, शिव्यांना कोण भीक घालतंय?

आमच्या काकू शिवणकाम करतात, अंगणातल्या मोठ्या झाडाखाली मशीन मांडून. काका ट्रक चालवायचे. वाटेत काही आडवं आलं की त्यांचं डोकं फिरतं. त्यांना हवी गालिच्यासारखी हिरवळ, आणि आडवं कोण? काटेरी तण, नाहीतर झाडाची वर आलेली मुळं.

तण ते वरूनच ओरबाडायचे. चार दिवसांत पुन्हा हजर.

"तुमच्या दाढीसारखं झालंय," काकू म्हणायच्या. "वरून तासता, आत खुंट तसेच."

मग त्या माती ओली करून मला खोल खुपसायच्या. फुलायच्या आधीच तण मुळासकट बाहेर. तेव्हा माझी काय ऐट होती!

मुळांवर काकांनी ढीगभर माती टाकून गवत लावलं. गवत सावलीत वाळलं, माती वाहून गेली. मग ते मलाच मुळाखाली घालून उचकटायला लागले. माझं टोक वाकलं, मूळ हललंसुद्धा नाही. "भंगार," म्हणून मला खिळ्यांच्या डब्यात फेकलं.

एका सकाळी त्याच मुळाला ठेचकाळून काकांच्या अंगठ्याचं नख निघालं. त्यांनी कुऱ्हाडच काढली.

"एवढं जाड मूळ तोडलंत तर झाड घरावर येईल," काकू म्हणाल्या. "आणि मी शिवायला कुठं बसू, तुमच्या डोक्यावर?"

"मग मी काय उडत फिरू?"

"आधी पट्टी बांधा. मग बघू."

काका आत गेले आणि काकूंनी मला डब्यातून काढलं. झाडाभोवतीचं उरलंसुरलं गवतच खरवडायला घेतलं. जन्मभर मी राखलेली हिरवळ! जिवावर आलं, पण मुळाला ओरखडा उठू दिला नाही. मग त्यांनी वाळका पाला पातळसा पसरला, खोडापासून जरा लांब, आणि कडेनं विटा लावल्या.

काका लंगडत आले. "माझी हिरवळ?"

"विटांच्या बाहेर आहे. तुमची वाटही तिकडूनच."

"आणि मी नाही ऐकलं तर?"

"कुऱ्हाड तिथंच आहे," म्हणून काकू झाडाखाली शिवायला बसल्या.

काकांनी कुऱ्हाड उचलली. लंगडत विटांपर्यंत आले. मग विटांना वळसा घालून ती आत ठेवून आले.

मित्रांनो, मूळ तुमच्या आधीपासून तिथं आहे, वळसा तुम्ही घाला. मला पुसून, तेलाचं बोट लावून ठेवा. नाही ठेवलंत तरी तण काढीनच. झाडाच्या मुळावर मात्र चालणार नाही. बोलवा हवं तर लोहाराला.