अर्ध्याहून मोठा पाव

वॉर्डातल्या आयाबाईंनी बावीस वर्षं लोकांची बेडपॅनं धुतली, पण कधी नाक मुरडलं नाही. अपूर्णांक पाहिले की मात्र त्या तोंड फिरवायच्या. एकाच्या डोक्यावर एक बसलेले ते आकडे आणि मध्ये आडवी रेघ! पण नर्सिंगला प्रवेश हवा तर गणिताची परीक्षा पास व्हायलाच हवी होती, आणि वयाच्या अटीत बसणारं हे शेवटचं वर्ष. यंदा हुकलं की निवृत्तीपर्यंत बेडपॅनच.

शाळा सुटली त्या दिवशीच त्यांनी गणिताच्या वह्या रद्दीत घातल्या होत्या. आता नववीतली लेक त्यांची मास्तरीण झाली होती. तीही चांगली खाष्ट!

"आई, पाव म्हणजे दशांशात किती?"

"खाली चार असतात ना? मग शून्य पॉइंट चार."

"आणि अर्धा?"

"शून्य पॉइंट दोन," आयाबाई ठसक्यात म्हणाल्या.

लेकीने पेन खाली ठेवलं. "म्हणजे पाव मोठा आणि अर्धा लहान? डॉक्टरांनी अर्धा मिली औषध सांगितलं, तर तू पावापेक्षाही कमी भरणार?"

आयाबाईंना स्वतःचीच शिसारी आली. हजारो वापरलेल्या सिरिंजा त्यांनी कचऱ्यात टाकल्या होत्या, पण त्यांवरच्या रेघा कधी वाचल्या नव्हत्या. "जळलं मेलं माझं डोकं!" म्हणत त्यांनी पुस्तक पुन्हा पुढ्यात ओढलं. दीड महिना ड्युटीवरून आल्या की त्या असंच पुस्तकाला शिव्या घालत गणितं सोडवायच्या.

निकालाच्या दिवशी कारकुनाने यादीवर बोट ठेवलं. "शंभरात चाळीस. पासिंगही चाळीसच. काठावर का होईना, सुटलात बाई! प्रवेश पक्का."

लेकीने तिथेच आईला मिठी मारली. आयाबाईंचाही जीव भांड्यात पडला. मग त्यांनी उत्तरपत्रिका मागून घेतली आणि त्या पानं उलटू लागल्या. औषधाच्या मात्रांची गणितं शेवटी होती. तिथे लाल फुल्याच फुल्या. कुजका दाणा दाताखाली यावा तसं त्यांचं तोंड झालं.

"अगं आई, पास झालीस ना! आता तोंड कसलं वाकडं करतेस?"

"अशी नर्स माझ्या खाटेशी आली असती," आयाबाई म्हणाल्या, "तर मी तिला हात लावू दिला नसता."